कर्त्याचा लोप : परंडा परिसराच्या निमित्ताने कारभाराच्या मराठीचा विचार

कारभाराच्या मराठीची चर्चा आपल्याकडे बहुधा शब्दांभोवतीच फिरत राहिली आहे. अमुक पर्याय क्लिष्ट की सुबोध, संस्कृताश्रयी की लोकांच्या तोंडी असलेला, हा वाद १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून चालत आला आहे. 'पदनामकोश' (१९६२) प्रसिद्ध झाला तेव्हा 'बदनामकोश' म्हणून त्याची झालेली टवाळी सर्वपरिचित आहे. पुढे १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, निरनिराळे व्यवहारकोश निघाले आणि परिभाषेचा प्रश्न बऱ्याच अंशी मार्गी लागला. तरीही तालुक्याच्या गावी नगरपरिषदेचे किंवा तहसील कार्यालयाचे उत्तर हाती पडल्यावर सुशिक्षित माणसालाही ते दोनदा वाचावे लागते. ही अडचण नामांपेक्षा क्रियापदांची आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील परंडा हे गाव निवडले आहे, कारण कारभाराच्या भाषेचे इतके थर एकाच ठिकाणी साचलेले क्वचित आढळतात.

परंड्याचा किल्ला बहमनी काळातला. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाहीची राजधानी काही काळ येथे होती. पुढे हा प्रदेश हैदराबादच्या निजामाकडे गेला तो सप्टेंबर १९४८ पर्यंत. राज्याच्या कारभाराची भाषा आधी फारसी होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची जागा उर्दूने घेतली. परंड्याच्या शेजारची बार्शी आणि करमाळा मात्र सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात होती. त्यामुळे आठवडी बाजाराला जाता येईल एवढ्या अंतरात कारभाराच्या दोन शब्दसृष्टी नांदत होत्या. बार्शीत मामलेदार आणि कलेक्टर. परंड्यात तहसीलदार आणि अव्वल तालुकदार. तिकडे तलाठी, इकडे पटवारी. तिकडचा सर्कल इकडे गिरदावर होता. तहसीलदाराचा पेशकार, वसुलीचा माली पाटील आणि बंदोबस्ताचा पोलीस पाटील ही पदेही इकडे होती. इंग्रजी अमलातली माणसे या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. त्या शब्दात थोडी हेटाळणी होती हे खरे. परंतु राज्यभर शेवटी 'तहसीलदार' हेच पदनाम टिकले आणि मामलेदार बोलण्यापुरता उरला, हेही ध्यानात घ्यावे.

हे शब्द केवळ इतिहासजमा झालेले नाहीत. मराठवाड्यात जमिनीच्या वादात सेतवार, खासरापत्रक, मुंतखब, मदतमाश, मावेजा असे शब्द आजही निकालाचे पारडे फिरवू शकतात. इनाम जमिनीचा मुंतखब उर्दूत असतो आणि तो वाचता येणारी माणसे कमी होत आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज तालुक्या-तालुक्यांत एकाएकी जाणवली. मोडीचे वाचन अभ्यासक्रमात ऐच्छिक म्हणून तरी असावे, असे म्हणणाऱ्या अध्यापकांना आपण आजवर छंदिष्ट समजत आलो. एखाद्या कुटुंबाचा दाखला एखाद्या अक्षराच्या वाचनावर अडतो हे पाहिल्यावर तो समज बदलावा. खुद्द गावाचे नावही 'परंडा' आणि 'परांडा' अशा दोन्ही रूपांत लिहिले जाते.

येथवरचा प्रश्न अनोळखी शब्दांचा होता आणि तो कोशाने सुटू शकतो. दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. त्यात शब्द ओळखीचा असतो, पण कारभार त्याचा अर्थ बदलतो. या अवर्षणप्रवण तालुक्यात याचे ठळक उदाहरण म्हणजे 'दुष्काळ'. १९६३ च्या एका राज्य कायद्याने, राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून दुष्काळवाचक 'फॅमिन' ही संज्ञा वगळून तिच्या जागी टंचाईवाचक 'स्कॅर्सिटी' ही संज्ञा आणली. कायद्यापुरता दुष्काळ संपला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत १९७२ उजाडले. सरकारी कागदांत टंचाईची कामे निघाली. परंतु 'बहात्तरची टंचाई' असे म्हणणारा माणूस मराठवाड्यात सापडणार नाही, सगळे 'बहात्तरचा दुष्काळ' असेच म्हणतात. पिकांची 'आणेवारी' पुढे 'पैसेवारी' झाली, ती ५० पैशांच्या खाली आली की नाही यावर सवलती अवलंबून राहिल्या, आणि गावकरी मात्र अजून आणेवारीच म्हणतात. २०१५ मध्ये मराठवाड्यासह अनेक भागांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर झाली. त्या 'सदृश' या उत्तरपदाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०१६ मध्ये 'दुष्काळसदृश' ऐवजी 'दुष्काळ' अशी दुरुस्ती शासनाला करावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले गेले होते. १९८२ पर्यंत लातूर हा याच उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. पाणी आगगाडीने येते आणि परिस्थिती दुष्काळासारखी असते! उपमा आणि उत्प्रेक्षा शिकवताना साधर्म्यवाचक शब्दाचे एवढे खर्चिक उदाहरण दुसरे देता येणार नाही.

आता क्रियापदाकडे वळू. नळाला चार दिवस पाणी न आल्यास नागरिक अर्जात लिहितो, 'आमच्या गल्लीत पाणी येत नाही, तरी पाणी सोडावे.' यावर मिळणाऱ्या उत्तराचा साचा साधारणपणे असा असतो : 'सदर भागातील पाणीपुरवठा सुरळीत करण्याबाबतची कार्यवाही करण्यात येत आहे.' या वाक्यात तीन गोष्टी घडल्या आहेत. 'सोडणे' या क्रियापदाचे आधी 'पुरवठा' हे नाम झाले, त्यावर 'सुरळीत करण्याबाबतची कार्यवाही' हे दुसरे नाम चढले. म्हणजे मूळ क्रिया दोन पायऱ्या दूर गेली. 'येत आहे' या अपूर्ण वर्तमानकाळाने सुरुवात आणि शेवट दोन्ही झाकले. आणि कर्ता नाहीसा झाला. व्याकरणकारांनी ज्याला नवीन कर्मणी म्हटले, त्याच्या जवळचा हा '-ण्यात येणे' प्रयोग इंग्रजी दप्तराच्या सहवासाने बळावला. परंतु दोष इंग्रजीवर ढकलून भागणार नाही. मराठीत या रचनेला 'कडून' लावून कर्ता सांगण्याची पूर्ण सोय आहे. 'पाणीपुरवठा विभागाकडून' एवढे दोन शब्द लिहिल्याने वाक्य बिघडत नाही. ते लिहिले जात नाहीत. लिहिलेच तर 'वरिष्ठ स्तरावर', 'प्रशासकीय पातळीवर' असे अधिकरण पुढे येते, म्हणजे जिथे माणूस हवा तिथे जागा येते.

थकबाकीच्या नोटिशीत हा लोप एकतर्फी असल्याचे दिसते. तिचा साचा असा : 'आपण थकबाकीची रक्कम मुदतीत भरावी, अन्यथा नळजोडणी खंडित करण्यात येईल.' कर्तव्य नागरिकाचे असते तेव्हा 'आपण' हा कर्ता वाक्याच्या आरंभी येतो. कृती कार्यालयाची असते तेव्हा तो गळतो.

ही रीत मराठीची जुनी रीत नव्हे. मराठेशाहीतील कागदांत पाठवणारा, ज्याला लिहिले तो अधिकारी किंवा मोकदम, आणि गाव यांचा निर्देश आरंभीच होई. आज्ञा 'करणे', 'देणे' अशा आज्ञार्थी कृदंताने दिली जाई. त्या रूपाला कर्त्याचा प्रत्यय नसला तरी कोणी करायचे याविषयी शंका नसे. अर्थात त्या स्पष्टतेला दुसरी बाजू होती. वतनी व्यवस्थेत पद आणि माणूस एकच असत, आणि कर्त्याचे नाव म्हणजे बहुधा त्याच्या मर्जीचे नाव असे. कायद्याचे राज्य व्यक्तिनिरपेक्ष असावे, अधिकाऱ्याची बदली झाली तरी काम थांबू नये, या चांगल्या हेतूने कारभाराची भाषा अकर्तृक झाली असे म्हणता येईल. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु व्यक्तीचे नाव गाळणे आणि पदाचे नाव गाळणे यांत फरक आहे, आणि आपल्या कार्यालयांनी पहिल्याच्या आडून दुसरे साधले.

नगरपरिषदेची रचनाही याला हातभार लावते. १९६५ च्या अधिनियमाने हैदराबाद, मुंबई आणि मध्यप्रांत-वऱ्हाड येथून आलेले निरनिराळे नगरपालिका कायदे एका छत्राखाली आणले. ४०,००० पर्यंत लोकसंख्येची परंड्यासारखी शहरे 'क' वर्गात येतात. तेथे कर्मचारी मोजके आणि उत्पन्न तुटपुंजे. ठराव सभागृहाचा, अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याची. इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात. कर्ता जपून ठेवणारा कारभाराचा हा जवळजवळ एकमेव लेखनप्रकार. पण ठरावाचा शेवट 'सर्वानुमते ठरले' असा भावे प्रयोगाकडे झुकतो आणि पुढचे पत्र 'करण्यात येईल' म्हणते. 'ठरले' आणि 'येईल' यांच्या मधल्या जागेत गटार तुंबलेले राहते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील (१९५५) मास्तर शिकवण्याबरोबर गावाची लिहिण्यावाचण्याची कामेही करतो. तालुक्याच्या गावी ती जागा कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाने घेतलेली असते. तोही हळूहळू कार्यालयाचीच भाषा बोलू लागतो. 'पाणी सोडा' याचे 'पाणी सोडण्यात यावे' तोच करतो, आणि अर्जदाराला ते अधिक अदबीचे वाटते.

परंडा तालुक्यातच सीना नदीकाठी डोमगाव येथे कल्याणस्वामींचा मठ आणि समाधी आहे. समर्थांच्या मुखातून निघालेला दासबोध परंपरेनुसार कल्याणांनी लिहून घेतला. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे, काना-मात्रा स्पष्ट असाव्यात, पानाच्या कडा झिजल्या तरी मजकूर जाऊ नये म्हणून भोवती जागा सोडावी, असा त्याचा आशय. वाचणाऱ्याची इतकी काळजी घेणारा लेखनविचार ज्या तालुक्यात जतन झाला, तेथे आज संगणकावरचे अक्षर निर्दोष असते. न लागणारी गोष्ट अक्षर नसून 'कोण' ही आहे.

या पार्श्वभूमीवर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम भाषिक दृष्टीनेही अभ्यसनीय ठरतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने 'जन माहिती अधिकारी' हा निश्चित उत्तरदाता दिला होता. २०१५ च्या कायद्याने प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी 'पदनिर्देशित अधिकारी', कालमर्यादा आणि दोन अपील प्राधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक केले. पुरेशा कारणाशिवाय सेवा न दिल्यास ५०० ते ५,००० रुपयांची शास्ती त्या अधिकाऱ्यावर आहे. 'पदनिर्देशित' हा शब्द जड आहे आणि कोणी त्याची थट्टा करील. पण तो कर्त्याचे पद सांगतो. याउलट २०२४ मध्ये तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' हे पदनाम देण्याचा निर्णय झाला, त्याने शब्द बदलला आणि वाक्य होते तसेच राहिले.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिकेसाठी कार्यालयीन पत्राचे नमुने पाठ करायला लावण्याऐवजी, त्यांच्या गावची पन्नास उत्तरे गोळा करून प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधायला सांगता येईल. ज्या उत्तरांत तो सापडत नाही, ती फलकाशी ताडून पाहावीत. जन्माच्या दाखल्यासाठी किंवा नळजोडणीसाठी अपील करताना कोणत्या अधिकाऱ्याविरुद्ध, हे लिहावे लागते. आणि हाती असलेल्या पत्रात 'कार्यवाही करण्यात येत आहे' एवढेच असेल, तर तो रकाना अर्जदाराला कार्यालयात पुन्हा जाऊन, भिंतीवरचा फलक वाचून भरावा लागतो.