काढलेल्या मुकादमाला त्याच कारखान्यात पुन्हा घ्यावे काय?

कारखान्याचा मुकादम कामात तरबेज आहे. गिऱ्हाईक त्याच्या शब्दावर विसंबते, माल वेळेवर निघतो. एके दिवशी कळते की हाताखालच्या कामगार स्त्रीशी त्याचे संबंध आहेत. मालक त्याला काढून टाकतो. चार महिन्यांनी तो ओळखीच्या बुजुर्गांना घेऊन येतो आणि म्हणतो, "चूक झाली, पुन्हा ठेवून घ्या." सीझन तोंडावर आलेला असतो. अशा वेळी मालकाने काय करावे?

आपल्याकडे हा प्रश्न चार भिंतींच्या आत दाबला जातो. मोठ्या कंपन्यांत मात्र तो उघडपणे पुढे आला आहे. म्हणून प्रथम त्यांचा अनुभव पाहू या.

मॅकडोनाल्ड्स या अमेरिकी कंपनीने आपले मुख्याधिकारी स्टीव्ह ईस्टरब्रुक यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये काढले. एका कर्मचारी स्त्रीशी राजीखुशीचा संबंध होता, एवढेच तेव्हा समोर आले होते. म्हणून कंपनीने त्यांना भरघोस रक्कम देऊन निरोप दिला. पुढे आणखी तीन कर्मचारी स्त्रियांशी संबंध होते व चौकशीत ते लपवले गेले, असे सांगून कंपनीने २०२० मध्ये त्यांच्यावर दावा लावला. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना १० कोटी ५० लाख डॉलरहून अधिक किमतीचे शेअर व रोख परत करावे लागले. जानेवारी २०२३ मध्ये तेथील रोखे बाजाराच्या नियामकाने ४ लाख डॉलर दंड केला व पाच वर्षे शेअर बाजारातील कंपन्यांत अधिकारी वा संचालक होण्यास बंदी घातली.

नेस्ले कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये लॉरां फ्रेक्स यांना तडकाफडकी काढले. त्यांची कंपनीतील सेवा जवळपास ४० वर्षांची होती. थेट हाताखालच्या स्त्रीशी असलेला संबंध त्यांनी कळवला नव्हता. जाताना त्यांना वेगळी रक्कमही मिळाली नाही.

आपल्या देशातले उदाहरण फणीश मूर्ती यांचे आहे. लैंगिक छळाच्या आरोपानंतर २००२ मध्ये ते इन्फोसिसमधून बाहेर पडले. आरोप त्यांनी नाकारला. दावा मात्र २००३ मध्ये ३० लाख डॉलर देऊन मिटवण्यात आला. पुढे ते आयगेटचे मुख्याधिकारी झाले. २०११ मध्ये याच आयगेटने मुंबईची पटनी कॉम्प्युटर विकत घेतली. म्हणजे हुशारीबद्दल शंका नव्हती. तरीही मे २०१३ मध्ये हाताखालच्या कर्मचारी स्त्रीशी असलेला संबंध कळवला नाही, म्हणून आयगेटने त्यांना काढले.

या तिन्ही प्रकरणांतून दोन गोष्टी दिसतात. पहिली अधिकाराची. ज्याच्या हातात हजेरी, कामाचे वाटप आणि पगारवाढ आहे, त्याच्याशी झालेली 'राजीखुशी' कितपत खरी मानावी? नकार देणारीला उद्या काम मिळेल याची खात्री होती काय? दुसरी गोष्ट लपवण्याची. अधिकार ही मालकाने सोपवलेली अमानत आहे. ती वापरताना जो मालकाला अंधारात ठेवतो, त्याच्या हिशेबावर आणि बढतीच्या शिफारशीवर तरी कसा विश्वास ठेवावा?

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. दोघे अविवाहित असून निकाहाचा विचार असेल, तर मुकादमाने स्वतः मालकाला सांगावे आणि मालकाने त्या स्त्रीचे काम दुसऱ्याच्या देखरेखीखाली द्यावे. यात कोणाला काढण्याचे कारण नाही. उलट, जिथे जबरदस्ती, धाक वा नको असलेली लगट आहे, तिथे तो छळ आहे व कायद्याचा विषय आहे. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक माणसे काम करत असतील तेथे मालकाने तक्रार समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष स्त्री असते व निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. समिती न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १० पेक्षा कमी माणसे असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. सर्वसाधारणपणे तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी करावी लागते. असे प्रकरण बुजुर्गांच्या बैठकीत परस्पर मिटवणे हा त्या स्त्रीवर अन्याय आहे.

आता मूळ प्रश्न. आमच्या मते त्याच कारखान्यात, त्याच माणसांवर मुकादमी पुन्हा देऊ नये. मात्र त्याची रोजीच बंद करावी, असेही आम्ही म्हणत नाही. छळाची तक्रार नसेल, तर कारागीर म्हणून काम देण्याचा विचार पुढील अटींवर करता येईल:

१) त्याने सारे स्वतःहून सांगितलेले असावे, पकडला गेल्यावर तुकड्यातुकड्याने नव्हे.

२) त्या स्त्रीला विचारावे. तिची हरकत असेल, तर विषय तिथेच संपवावा.

३) कोणाचीही हजेरी, मजुरी वा रजा त्याच्या हाती नसावी.

४) अटी कागदावर लिहून सही घ्यावी. त्या मोडल्यास पुन्हा संधी नाही.

दुसऱ्या पेढीत तो काम मागायला गेला आणि तिथल्या मालकाने आपल्याला विचारले, तर जे खरे आहे तेवढेच सांगावे. बदनामी करू नये, झाकाझाकीही करू नये.

शेवटी एक कटू गोष्ट. अशा प्रकरणात पुष्कळदा मुकादम 'कामाचा माणूस' म्हणून राहतो आणि त्या बाईला घरी पाठवले जाते. तिची मजुरी बुडते, मोहल्ल्यात नावही तिचेच होते. तौबा करणाऱ्याला माफी मिळावी हे योग्यच आहे. पण त्या माफीची किंमत दुसऱ्याच्या रोजीतून वसूल होता कामा नये. म्हणून व्यापारी बांधवांनी मुकादमाच्या परतीचा विचार करण्यापूर्वी एवढे पाहावे, की ती स्त्री आज कामावर आहे काय आणि तिची पूर्ण मजुरी तिला मिळते काय?