दोन धावांनी हुकलेली रणजी

भाची: मामा, आपण कोल्हापूरची माणसं, आपला संघ महाराष्ट्राचा. मग मुंबईच्या पराभवाची तुम्हाला एवढी हळहळ का?

मामा: लढतच तशी झाली गं. 1991 च्या मे महिन्यात, 3 ते 7 तारखेला, वानखेडेवर रणजीची अंतिम लढत होती. मुंबईनं तोवर 30 वेळा रणजी जिंकलेली, हरियाणानं एकदाही नाही. मुंबईचा कर्णधार संजय मांजरेकर, हरियाणाचा कपिलदेव.

भाची: म्हणजे मुंबईचंच पारडं जड.

मामा: नावं वाचून तसंच वाटेल. पण हरियाणानं पहिल्या डावात 522 काढल्या. त्यात दीपक शर्मा 199 वर बाद झाला. बिचाऱ्याचं द्विशतक एका धावेनं गेलं. मुंबई 410 वर आटोपली, म्हणजे 112 धावांनी मागं. खरी गोम तिथंच आहे.

भाची: त्यात काय एवढं? दुसरा डाव होताच की.

मामा: होता. पण रणजीची अंतिम लढत अनिर्णित राहिली की पहिल्या डावात आघाडी घेणारा जिंकतो. खासबागेत लोक कसे निकाली कुस्तीसाठीच हटून बसतात, तशी मुंबईला निकालीच कुस्ती हवी होती. बरोबरीत सोडवली की करंडक हरियाणाचा. हरियाणाचा दुसरा डाव 242 वर संपला आणि शेवटच्या दिवशी 67 षटकांत 355 करायच्या ठरल्या. षटकामागं पाचाच्या वर! त्या काळात पाच दिवसांच्या सामन्यात असा पाठलाग कुणी मनातही आणत नसे.

भाची: सुरुवात तरी बरी झाली का?

मामा: कसली बरी? 34 धावांत तीन गेले. मग दिलीप वेंगसरकर आणि सचिन यांनी 134 जोडल्या. सचिनला अठरा पूर्ण होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले. 75 चेंडूंत 96 मारल्या त्यानं. तो गेला, कांबळी 45 करून गेला, पुढं एकेक गळत 305 ला नऊ बाद. शेवटचा ॲबी कुरुविला आला तेव्हा अजून 50 हव्या होत्या. वेंगसरकरच्या पायात गोळे आलेले, धावायला लालचंद राजपूत. तरी त्या जोडीनं 47 काढल्या.

भाची: आणि तीन राहिल्या.

मामा: तीन! धाव काढताना कुरुविला धावबाद. अमरजित केपीनं चेंडू फेकला, चेतन शर्मानं यष्ट्या उडवल्या. मुंबई सर्वबाद 352. वेंगसरकर 139 वर नाबाद राहिला आणि मैदानातच रडला.

भाची: तुम्हाला त्यातलं नेमकं काय आवडतं? हरलेला वेंगसरकर?

मामा: तो तर आहेच. पण मला हरियाणाही तितकाच आवडतो. आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांचं ठाऊक आहे ना? 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443. ब्रॅडमनच्या 452 च्या विक्रमाला नऊ कमी असताना समोरच्या संघानं सामना सोडला आणि निघून गेला. कोल्हापूरच्या माणसाला ते आजही टोचतं. वानखेडेवर चेंडू चौफेर उडत होता, हातातला सामना निसटत होता, तरी कपिलची पोरं शेवटच्या फेकीपर्यंत उभी राहिली. समोरचा असा टिकून राहिला तरच वेंगसरकरच्या 139 ला किंमत.

भाची: आणि धावायला दुसरा माणूस? आता तसं कुणी दिसत नाही.

मामा: आंतरराष्ट्रीय सामन्यांत 2011 मध्ये ती सवलत बंद झाली. आज कसोटीत तशी वेळ आली तर फलंदाजाला लंगडत स्वतःच पळावं लागेल, नाहीतर डाव सोडून तंबूत जावं लागेल.

भाची: हरियाणानं पुढं किती वेळा जिंकली रणजी?

मामा: एकदाही नाही. त्यांच्या नावावर तेवढी एकच आहे.