आधी भगदाड शोध

पेठ वडगाव

चि. सोनूस,


तुझ्या शिकवणीला येणारा येमेनचा मुलगा डेरिव्हेटिव्हची सूत्रं धडाधड म्हणतो आणि दशांश अपूर्णांक आला की अडखळतो, म्हणून तू वैतागलीस. ‘याचा पायाच कच्चा’ असं लिहिलंस. इतक्या लवकर शेरा मारू नकोस.

आपल्या वारणेच्या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. त्यांची पोरं अधूनमधून माझ्या वर्गात बसायची. वाढ्याच्या पेंढ्या विकून आलेल्या पैशांचा हिशेब ती माझ्या आधी सांगत. फळ्यावर दशांश मांडला, की गप्प. पोरगं जूनमध्ये गावच्या शाळेत जायचं, दिवाळीच्या आगेमागे उचल घेतलेल्या आईबापामागे निघायचं आणि परतायचं थेट गुढीपाडव्याच्या सुमारास. दर वर्षी पहिलं सत्र पदरात, दुसरं बुडालेलं. पाचवीचे दशांश अपूर्णांक, सहावीची शेकडेवारी, नफा-तोटा, सगळं पुस्तकाच्या दुसऱ्या भागात. बाजारात नफा कमावणाऱ्या पोराला नफा-तोट्याचा धडाच भेटलेला नसे! हे कळलं की पहिलीपासून उगाळत बसावं लागत नाही, तेवढेच धडे घ्यायचे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा पोराला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचं ठरवलं. वर्गात बसवणं सोपं. प्रशिक्षण बाईंच्या अंगावर. तुझ्या विद्यार्थ्याला तर तेवढाही आधार नाही. कॉलेजने गुणपत्रिका बघून त्याला पहिल्या वर्षात घातलं, झालं.

म्हणून त्याला सरळ विचार, शाळा कधी बंद होती? २०१५ मध्ये येमेनमध्ये युद्ध भडकलं, पुढच्या वर्षापासून कितीतरी शिक्षकांचे पगार थांबले. तेव्हा हा कितवीत होता, त्यावरून कुठले धडे गेले ते निघेल. अफगाणिस्तानची मुलगी आली तर हिशेब आणखी सोपा आणि वाईट: २०२१ नंतर तिथे मुलींना सहावीच्या पुढची शाळाच नाही.

पण सगळंच बुडालेलं नसतं. त्या येमेनी मुलाची जुनी वही मागून घे. अरबी अंकांत पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपण अडीच लिहिताना मध्ये टिंब देतो, ते त्याच्या डोळ्यांना शून्य दिसलं तर चूक कुणाची? तिथे तर समीकरणही उजवीकडून डावीकडे मांडतात. अशा ठिकाणी धडा शिकवायचा नाही, खूण तेवढी बदलून द्यायची. न शिकलेलं आणि वेगळं शिकलेलं, या दोन्हींवर तू एकच औषध देतेयस असं मला वाटतं.

आणि ‘समजलं का?’ हे विचारणं सोड. परदेशात आलेला मुलगा बाईंना नाही म्हणणार नाही, मान डोलवेल. त्यापेक्षा एक उदाहरण दे आणि सोडवताना मोठ्याने बोलायला लाव, इंग्रजी मोडकी असली तरी. इतरांसमोर मात्र नको. एकोणीस वर्षांच्या मुलाला पाचवीचं गणित चारचौघांत करायला लावलंस तर तो पुढच्या आठवड्यात येणार नाही.

कॉलेजचा अभ्यास तुमच्यासाठी थांबणार नाही. तेव्हा तासातला पहिला पाव भाग भगदाडाला दे, उरलेला परीक्षेला. या जादा मेहनतीची वेगळी फी लावू नकोस. लावलीसच, तर मला कळवू नकोस.

तुझी,
आत्या