एकच लाठी सर्वांना का नको?

१६७० साली सिंहगडावर धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांची समाधी पोलादपूर तालुक्यात उमरठला आहे. त्या काळची शस्त्रे आज मर्दानी खेळात पाहावयास मिळतात. पट्ट्याच्या खोबळ्यात मनगट जखडते, म्हणून वार कोपर-खांद्यातून फिरतो. लाठीत मनगट मोकळे, पण ताणही त्यावरच! नाजूक मनगटाच्या मुलाला दोहोंचा मेळ घालून द्यावा: हात पट्ट्यासारखा खांद्यातून फिरवायचा, लाठी मात्र आखूड. सर्वांना एकाच मापाची लाठी देणे मला तरी पटत नाही. सारख्या जाडीची लाठी ५ फुटांऐवजी ४ फुटांची घेतली, की मध्याभोवती फिरविताना तिचा विरोध १२५ वरून ६४ वर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येतो. कारण वजन लांबीच्या प्रमाणात घटते आणि त्यातच अंतराच्या वर्गाची भर पडते.