औषधाची परीक्षा

औषध दिलें व रोगी बरा झाला, एवढ्यावरून त्या औषधानेंच तो बरा झाला असें म्हणतां येईल काय? या प्रश्नाचा विचार करण्यास मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाचें उदाहरण फार बोधप्रद आहे.

शरीरांत तारायंत्राप्रमाणें संदेश नेणारे मज्जातंतु मेदयुक्त वेष्टणानें झांकलेले असतात. या रोगांत शरीराची संरक्षक शक्तीच त्या वेष्टणावर उलटते. मग दृष्टि मंद होते, हातपाय बधिर होतात, चालणें अवघड होतें. १८६८ सालीं पॅरिस येथें शार्को यांनीं याचें सविस्तर वर्णन केलें. पुष्कळ रोग्यांत याचे झटके येतात व आपोआप ओसरतात. अशा वेळीं जें औषध चालू असेल, त्यास फुकटचें यश मिळतें.

इस्राएलांतील वाइझमन संस्थेंत सेला, आर्नन व टायटेलबाउम या शास्त्रज्ञांनीं कोपॉलिमर-१ नांवाचा पदार्थ तयार केला. प्रयोगाच्या जनावरांत तो असाच रोग उत्पन्न करील अशी त्यांची अपेक्षा होती; पण त्यानें उलट रोगास आळा घातला! तथापि जनावरांवरून मनुष्याविषयीं निश्चित सांगतां येत नाहीं.

म्हणून अमेरिकेंत २५१ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. तिचा वृत्तांत १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. मागील दोन वर्षांत निदान दोन झटके आलेलेच रोगी निवडले होते. चिठ्ठ्या टाकाव्या त्या रीतीनें त्यांचे दोन वर्ग केले. एका वर्गास रोज २० मिलिग्रॅम औषध व दुसऱ्यास औषधरहित द्रव कातडीखालीं टोचीत. कोणास काय मिळतें, हें रोग्यास ठाऊक नव्हतें, तपासणाऱ्या डॉक्टरासही नव्हतें.

दोन वर्षांनीं औषध न मिळालेल्यांत झटक्यांची सरासरी १.६८ भरली, म्हणजे दोहोंहून कमीच! दुसरा वर्ग तुलनेस नसता, तर त्या पोकळ द्रवाचीही कीर्ति झाली असती. औषध घेतलेल्यांची सरासरी १.१९ होती. ही शेंकडा २९ ची घट, एवढाच औषधाचा खरा गुण. रोग समूळ गेला नाहीं. परंतु झटके कमी झाले. १९९६ सालीं अमेरिकेंत त्या औषधास सरकारी मान्यता मिळाली.

औषधावांचून रोज सुई सोसणारे ते १२६ जण विसरतां कामा नयेत. त्यांच्यावांचून हें सत्य हातीं लागलें नसतें. विद्यार्थ्यांनो, रामबाण औषधाची जाहिरात वाचाल तेव्हां इतकेंच विचारा: ज्यांनीं तें घेतलें नाहीं, त्यांचें काय झालें?