हॅरिस येथील खडक

स्कॉटलंडच्या वायव्येस लुइस व हॅरिस हे खडकाळ बेट आहे. तेथील दगडास नाइस म्हणतात. वाचकहो, त्यावरील काळेपांढरे पट्टे हे गाळाचे थर आहेत, असे आपण समजू नये. सुमारे 300 कोटी वर्षांपूर्वीचा खडक भूगर्भात खोल दाबला गेला व उष्णतेने त्याचे रूप पालटले. पुढे हिमनद्यांनी त्यावरील माती खरडून नेली. हॅरिसच्या पश्चिमेस समुद्राने शिंपल्यांचा चुरा आणून टाकिला, म्हणून तेथे पीक येते. पूर्वेस खडक उघडाच राहिला. 19व्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांकरिता पश्चिमेकडील पुष्कळ कुळांस तिकडे हाकलिले. त्या बिचाऱ्यांनी समुद्रातील शेवाळ पाठीवर वाहून खडकावर वाफे रचिले. परंतु कबर खणण्याइतकी माती तेथे कोठची! प्रेते खांद्यावर घेऊन, डोंगर ओलांडून, पश्चिमेच्या वाळूत पुरण्यास नेत असत.