वारसनोंद आणि येणारी लोकसंख्या

सुगी आटोपल्यावर चार माणसें पारावर बसलीं म्हणजे एक वाक्य हटकून कानीं पडतें: "माणसें वाढलीं, जमीन तेवढीच राहिली." हें वाक्य खोटें नाहीं, परंतु अर्धेंच आहे. उरलेलें अर्धें सांगण्याचा येथें प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत फेरफार व वारसनोंदींचे कागद हाताळण्यांत गेली. सबब त्याच बाजूनें विषय मांडीत आहे.

प्रथम आकडे पाहूं. सन १९७१ च्या सुमारास भारतांत एका स्त्रीस सरासरीनें पांचांहून अधिक अपत्यें होत. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत हा आकडा २.० वर आला. महाराष्ट्रांत तर तो १.७ आहे. आईबापांची जागा भरून निघण्यास २.१ लागतात. दोनांवरचा हा अंश कशासाठीं, असें कोणी विचारील. मुलींपेक्षां मुलगे किंचित् अधिक जन्मतात, आणि जन्मलेली प्रत्येक मुलगी आई होण्याच्या वयापर्यंत जगतेच असें नाहीं. ती तूट या अंशानें भरून निघते. म्हणजे आपल्या प्रांतांतील पिढी आपली जागा आतां पुरती भरीत नाहीं.

मग माणसें अद्याप वाढतात कशीं? मागील काळांत पुष्कळ मुली जन्मल्या, त्या आज आया होत आहेत. प्रत्येकीस दोनच मुलें झालीं तरी आयांची संख्याच मोठी; शिवाय वृद्धांचें आयुष्यही लांबलें आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ सालच्या अंदाजाप्रमाणें भारताची लोकसंख्या २०६० नंतर लवकरच सुमारें १७० कोटींवर पोंचेल व तेथून उतरूं लागेल. अंदाज तो अंदाजच. परंतु पावसाच्या भाकितापेक्षां तो अधिक भरंवशाचा, कारण पुढील वीस वर्षांतल्या बहुतेक आया आज जन्मलेल्याच आहेत.

आतां जमिनीकडे वळूं. महाराष्ट्रांत सन १९७०-७१ मध्यें सरासरी वहितीचें क्षेत्र ४.२८ हेक्टर होतें. २०१५-१६ मध्यें तें १.३४ हेक्टरांवर आलें. मुलें कमी झालीं तरी वांटे कां थांबत नाहींत? कारण वारसनोंद ही जन्मानंतर चाळीस-पन्नास वर्षांनीं लिहिली जाते. आज जो खातेदार मयत होतो, त्याचीं मुलें १९७०-८० च्या सुमाराचीं. तीन भाऊ, दोन बहिणी, शिवाय एखाद्या मयत भावाची विधवा व तिचीं मुलें, अशी नोंद माझ्या हातून नित्य गेली आहे. दोन अपत्यांवर थांबलेल्या पिढीच्या वारसनोंदी सर्रास होऊं लागतील त्या २०५० च्या आगेंमागें. तोंवर सातबाऱ्यावरील नांवें वाढत राहणार आणि शेतांत उभीं राहणारीं माणसें घटत जाणार.

याचा नमुना कोंकणांत आजच दिसतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. तरुण मुंबईस गेले. कागदावर सहहिस्सेदारांची रांग राहिली, आणि आंब्याच्या कित्येक बागांची राखण नेपाळाहून आलेले गडी करतात. देशावर हीच पाळी यावयास फार काळ लागेल असें मला वाटत नाहीं. बाहेरून मजूर येतील, हा आधार कांहीं वर्षांचा; बिहारांत आजही सरासरी तीन मुलें होतात, पण तेथेंही हा आकडा उतरत आहे.

दुसरी एक गोष्ट सांगणें कटु आहे. २०११ च्या शिरगणतींत बीड जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागें मुली केवळ ८०७ होत्या. तीं मुलें आतां लग्नाच्या वयास येत आहेत. शेतकऱ्याच्या मुलास मुलगी मिळत नाहीं अशी ओरड होते, तेव्हां दोष शेतीच्या उत्पन्नास दिला जातो. तो कांहीं अंशीं खराही आहे. पण ज्या मुली जन्मूंच दिल्या नाहींत, त्यांचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

वृद्धांचें म्हणाल तर २०५० च्या सुमारास देशांतील दर पांच माणसांत एक साठीपुढील असेल. अशा वयांत वांटणीचा दावा चालविणें कोणास झेपणार? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ अन्वयें सहहिस्सेदारांच्या संमतीनें तहसीलदारांकडून वांटप करून घेतां येतें. मुलींस वडिलोपार्जित मिळकतींत समान हक्क महाराष्ट्रांत १९९४ पासून व देशभर २००५ पासून आहे. त्यांचीं नांवें चुकवून केलेली वांटणी पुढें टिकत नाहीं. क्षेत्र फार लहान असल्यास १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येतो. तेथें एकानें कसावें व इतरांस खंड द्यावा, हें बरें.

माझें स्वतःचें क्षेत्र साडेतीन एकर. त्यावर पांच भावंडांचीं नांवें, आणि गांवीं मी एकटा. मुलगा व मुलगी दोघेंही शहरांत असतात. गेल्या वैशाखांत सर्व भावंडें एकत्र बसवून विहिरीची पाळी, बांधावरची वाट व खंडाची रक्कम लिहून काढली. धाकट्या बहिणीनें सही करण्यापूर्वीं विचारलें, "दादा, तुझ्या मागें हें कसणार कोण?" त्या रकान्यांत अद्याप कांहीं लिहिलेलें नाहीं.